‘ड्रोन घ्या आणि दोन महिन्यांत पैसे वसूल करा’: दाव्यातली एकेक गोष्ट तपासून

सध्या एक संदेश जोरात फिरतो आहे. छोटा ड्रोन घ्या. २५० ग्रॅमच्या आत असल्यामुळे परवाना-नोंदणी काही लागत नाही. फोरके कॅमेरा असतोच. वीस मिनिटं उडवलं की एक काम संपलं. शनिवार-रविवारी रोज दोन कामं केली तरी दोन महिन्यांत ड्रोनचे पैसे सुटतात. शिवाय त्याच ड्रोनवर जमिनीचा सर्व्हे, सोलर पॅनेलची तपासणी आणि स्टॉक फुटेजची (वेबसाइटवर कुणालाही विकत घेता येणाऱ्या तयार व्हिडिओंची) कमाई होते, ॲपने अडवलं नाही की परवानगी आहेच, कामं मिळतच राहतात आणि सुरुवातीला फुकट केलं तर नियमही लागत नाहीत, असंही त्यात आहे.

ड्रोनच्या कामात पैसा आहे, याबद्दल वाद नाही. पण या संदेशातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य अर्धवट आहे, आणि न सांगितलेल्या अर्ध्या भागातच नवख्या माणसाचं भांडवल अडकतं. म्हणून एकेक मुद्दा घेऊ.

‘२५० ग्रॅमच्या आत असेल तर काहीच लागत नाही’

नियम दोन वेगळे प्रश्न विचारतात: ड्रोन किती वजनाचा आहे, आणि तो कशासाठी उडवला जातोय. संदेशात फक्त पहिला प्रश्न आहे. अमेरिकेत ऑगस्ट २०१६ पासून लागू असलेल्या ‘पार्ट १०७’ नियमांनुसार कामासाठी उडवणाऱ्याला रिमोट पायलटचं प्रमाणपत्र लागतं, ड्रोन कितीही हलका असो. नोंदणीतली २५० ग्रॅमची सूट तिथे निव्वळ हौशी उड्डाणापुरती आहे. युरोपीय संघात ३१ डिसेंबर २०२० पासून हौशी आणि व्यावसायिक हा भेदच उरलेला नाही, पण खेळण्याच्या वर्गात न मोडणाऱ्या ड्रोनवर कॅमेरा असेल तर २५० ग्रॅमच्या आतही चालवणाऱ्याला नोंदणी करावी लागते. भारतात २०२१ च्या ड्रोन नियमांनी नॅनो गटाला, म्हणजे २५० ग्रॅमपर्यंत, पायलट प्रमाणपत्रातून सूट दिली आहे. त्यापुढच्या दोन किलोपर्यंतच्या मायक्रो गटाला मात्र ही सूट बिगर-व्यावसायिक वापरापुरतीच आहे.

वजन मोजलं जातं ते उड्डाणाच्या वेळचं. २४९ ग्रॅमच्या ड्रोनला मोठ्या क्षमतेची बॅटरी किंवा प्रोपेलर गार्ड लावला की तो सरळ वरच्या गटात जातो. लेन्सवर लावायचा, प्रकाश कमी करणारा एखादा एनडी फिल्टरही तेवढ्याला पुरतो. कामावर जसा उडणार तसाच, सगळं लावून, एक ग्रॅम अचूकतेच्या काट्यावर ठेवून बघा.

‘ॲपने अडवलं नाही म्हणजे परवानगी आहे’ हा समजही याच संदेशातून पसरतो. डीजेआय या ड्रोन कंपनीने जानेवारी २०२५ पासून अमेरिकेत आपल्या ॲपमधली सक्तीची अडवणूक काढून फक्त इशारा ठेवला. म्हणजे विमानतळाशेजारी ड्रोन वर जाईल, आणि जबाबदारी पूर्णपणे तुमची असेल. जागेच्या मालकाची परवानगी वेगळी आणि हवाई क्षेत्राची वेगळी; पहिली मिळाली म्हणून दुसरी मिळत नाही. विम्याचंही तसंच आहे. हौशी वापराच्या पॉलिसीत कामाच्या वेळचं नुकसान सहसा वगळलेलं असतं. ड्रोन पडून मोडला तर मिळणारी भरपाई हा एक विमा, आणि तो कुणाच्या गाडीवर पडला तर लागणारा तिसऱ्या पक्षाचा विमा हा दुसरा. काम घ्यायचं असेल तर दुसरा आधी.

‘वीस मिनिटं उडवलं की एक काम संपलं’

जाहिरातीतला ३४ मिनिटांचा आकडा वारा नसताना, ठरावीक वेगाने, बॅटरी पूर्ण संपेपर्यंत मोजलेला असतो. कामावर २५ टक्के बॅटरी उरली की परत फिरायचं असतं, म्हणजे उरली २५ मिनिटं. वारा आणि चढ-उतार धरले की हाती येतात वीस-बावीस. वाऱ्याचा फटका परतीला जास्त बसतो. जाताना पाठीमागून वारा असला की बॅटरी भरपूर दिसते, आणि त्याच वाऱ्याला तोंड देत येताना दुप्पटही वेळ लागू शकतो. लहान ड्रोनची वारा सोसायची मर्यादा साधारण सेकंदाला १०.७ मीटर असते. जमिनीवर झाडाची पानं हलत असतील तेव्हा ८०-१०० मीटरवर वारा बराच जास्त असतो. सुरुवात वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने करा, म्हणजे परतीला वारा मदतीला येतो.

आता उड्डाणाबाहेरचे तास धरा. हवाई क्षेत्र आणि हवामान तपासणं, परवानगी, बॅटऱ्या भरणं: एक ते दीड तास. जाणं-येणं: दोन तास. जागेवर अडथळे पाहणं, उतरायची जागा मोकळी करणं, उड्डाण: दीड तास. फोरके व्हिडिओ सेकंदाला १०० मेगाबिट दराने घेतला तर मिनिटाला ७५० एमबी, म्हणजे वीस मिनिटांचे १५ जीबी. ते दोन वेगळ्या डिस्कवर उतरवून तपासायला अर्धा तास. एडिटिंग आणि रंगकाम तीन ते चार तास. गिऱ्हाइकाच्या दुरुस्त्या एक तास. बेरीज नऊ-दहा तासांची झाली. शनिवार-रविवारी रोज दोन, म्हणजे चार कामं, म्हणजे ३६ ते ४० तास. जेवणखाण आणि झोप सोडली तर दोन दिवसांत इतके तास उरतच नाहीत.

‘फोरके कॅमेरा आहेच’

फोरके म्हणजे किती ठिपके, एवढंच. गिऱ्हाईक नाराज होतं ते धक्क्याधक्क्याने हलणाऱ्या चित्रावर आणि पट्टे उमटलेल्या आकाशावर. भर उन्हात आयएसओ (सेन्सरची प्रकाशाची संवेदनशीलता) १०० आणि लेन्सचं छिद्र एफ/२.८ असताना बरोबर एक्सपोजर, म्हणजे चित्राला योग्य उजेड, शटर साधारण १/३२०० सेकंद उघडं राहिलं की येतं. पंचवीस फ्रेमच्या व्हिडिओत हालचाल मऊ दिसायला शटर १/५० च्या आसपास हवं. म्हणजे प्रकाश ६४ पटीने कमी करायचा, म्हणजेच एनडी ६४ फिल्टर. ढगाळ हवेत एनडी ८ किंवा १६ पुरतो. फिल्टर नसेल तर ॲप आपणहून शटर वाढवतं आणि कडा लुकलुकतात; हा दोष एडिटिंगमध्ये नीट जात नाही.

दुसरी गोष्ट बिटची. ८ बिट नोंदीत प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात, १० बिटमध्ये १०२४. संध्याकाळच्या आकाशाचा रंग थोडा ओढला की ८ बिटमध्ये पट्टे दिसायला लागतात. लॉग प्रोफाइल (नंतर रंग देण्यासाठी मुद्दाम फिकं ठेवलेलं चित्र) वापरायचं तर १० बिटच. ८ बिटमध्ये साधं प्रोफाइल ठेवून जागेवरच रंग नीट घेणं चांगलं. घरांच्या फोटोंसाठी एकाच जागेवरून वेगवेगळ्या एक्सपोजरचे पाच रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेले) फोटो घ्या आणि व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगछटेची सेटिंग, कधीही ऑटोवर सोडू नका.

‘त्याच ड्रोनवर जमिनीचा सर्व्हेही होतो’

सर्वांत महागात पडणारा दावा हा आहे, म्हणून इथे जरा थांबू. सुंदर फोटो आणि मोजमापाचा फोटो या वेगळ्या वस्तू आहेत. मोजमापात पहिला आकडा असतो जीएसडी, म्हणजे फोटोतला एक पिक्सेल जमिनीवर किती सेंटिमीटर व्यापतो. सेन्सरची रुंदी गुणिले उंची, भागिले फोकल लांबी गुणिले फोटोची पिक्सेलमधली रुंदी, असं ते सूत्र आहे. सेन्सर १३.२ मिलिमीटर, फोकल लांबी ८.८ मिलिमीटर आणि रुंदी ५४७२ पिक्सेल असेल तर १०० मीटरवर २.७ सेंटिमीटर आणि ६० मीटरवर १.६ सेंटिमीटर येतात.

त्याच कॅमेऱ्याचा ६० मीटरवरचा एक फोटो जमिनीवर ९० बाय ६० मीटर झाकतो. पुढे ८० टक्के आणि बाजूला ७० टक्के ओव्हरलॅप, म्हणजे शेजारच्या फोटोंत तोच भाग पुन्हा, ठेवायचा तर दर १२ मीटरला एक फोटो आणि दोन ओळींत २७ मीटर अंतर. दहा हेक्टरला साधारण ३१० फोटो, कडेचे वेगळे. सेकंदाला ६ मीटर वेगात शटर १/५०० असेल तर फोटो निघेपर्यंत ड्रोन १.२ सेंटिमीटर सरकतो, म्हणजे जवळजवळ पाऊण पिक्सेल. म्हणून १/१००० ठेवा. मेकॅनिकल शटर नसलेल्या कॅमेऱ्यात फोटोच्या ओळी एकामागून एक नोंदल्या जातात आणि चालत्या ड्रोनवर चित्र तिरपं होतं. तिथे वेग कमी करणं किंवा प्रत्येक फोटोला थांबणं एवढाच मार्ग.

एवढं करूनही नकाशा बरोबर असेलच असं नाही. साध्या जीपीएसवर तो पूर्णच्या पूर्ण दोन-तीन मीटर सरकलेला असू शकतो, आणि स्क्रीनवर नजरेला काही कळत नाही. उंचीत चूक जास्त असते. फक्त सरळ खाली पाहणारे फोटो असतील तर सपाट शेताचं मॉडेल मधोमध फुगतं किंवा खोलगट होतं, कारण लेन्सच्या विकृतीचं गणित सॉफ्टवेअर चुकीचं बसवतं. मातीच्या ढिगाचं घनफळ काढताना हीच चूक थेट पैशांत मोजली जाते. इलाज ठरलेले आहेत: चार कोपरे आणि मध्य धरून किमान पाच जमिनीवरच्या खुणा, ज्यांचं स्थान आरटीके (सेंटिमीटरपर्यंत अचूक जीपीएस) उपकरणाने मोजलेलं आहे, त्याखेरीज गणितात न वापरलेल्या दोन-तीन तपासणी-खुणा, आणि थोड्या तिरक्या कोनातले काही फोटो. तपासणी-खुणांवरची चूक अहवालात लिहून द्या. ती लिहिता येत नसेल तर त्याला दृश्य नकाशा म्हणा, सर्व्हे म्हणू नका. हद्दीच्या मोजणीवर बहुतेक ठिकाणी परवानाधारक भूमापकाचीच सही चालते. अशा भूमापकासाठी उड्डाण करून देणं हा नवख्यासाठी चांगला आणि प्रामाणिक मार्ग आहे.

‘थर्मल लावला की सोलर तपासणी’

थर्मल म्हणजे उष्णता टिपणारा कॅमेरा. इथे रेडिओमेट्रिक थर्मल कॅमेरा हवा, ज्याच्या प्रत्येक पिक्सेलला तापमान असतं. नुसते रंग दाखवणारा कामाचा नाही. आयईसी ६२४४६-३ या मानकाप्रमाणे पॅनेलवर दर चौरस मीटरला किमान ६०० वॅट ऊन हवं आणि तपशीलवार तपासणीत पॅनेलच्या एका सेलवर किमान ५ बाय ५ पिक्सेल यायला हवेत, म्हणजे पिक्सेलला सुमारे ३ सेंटिमीटर. ढग सरकत असतील तर काम थांबवा. काचेत सूर्याचं किंवा ड्रोनचंच प्रतिबिंब पडून खोटा तापलेला डाग दिसतो. जागा बदलल्यावर तो डाग सरकला तर ते प्रतिबिंब, तिथेच राहिला तर दोष.

‘स्टॉक फुटेज झोपेतही कमावतं’

सूर्यास्ताचे आणि किनाऱ्याचे हवाई शॉट तिथे ढिगाने आहेत. असं फुटेज विकणाऱ्या शटरस्टॉक या वेबसाइटने जून २०२० पासून योगदान देणाऱ्याचा हिस्सा १५ टक्क्यांपासून सुरू केला आहे. ओळखू येणारा माणूस किंवा खासगी वास्तू असेल तर संमतीपत्राशिवाय जाहिरातीसाठी विक्रीच होत नाही. उरलेलं फुटेज जरूर टाका, त्यावर हिशेब बांधू नका.

‘कामं मिळतच राहतात’

एकेकटी कामं मिळत राहत नाहीत. नियमित कामं मिळवावी लागतात. त्यात बांधकामाची मासिक प्रगती सर्वांत भरवशाची. गिऱ्हाइकाला दर महिन्याला तंतोतंत तीच फ्रेम हवी असते. वेपॉइंट (मार्गावरचे ठरवून दिलेले थांबे), कॅमेऱ्याचा कोन आणि लेन्स जतन करा, घड्याळातली वेळ तीच ठेवा म्हणजे सावल्या बऱ्याच अंशी जुळतात. ड्रोनची उंची उड्डाणाच्या जागेपासून मोजली जाते, म्हणून उडवायची जागा रंगाने खूण करून पक्की करा. क्रेन दर महिन्याला जागा बदलते आणि इमारत वाढते. मागच्या महिन्याचा मार्ग न तपासता चालवला तर ड्रोन क्रेनवर आदळतो. रिटर्न-टू-होमची, म्हणजे ड्रोन आपोआप परत येतानाची, उंचीही दर भेटीला नव्याने ठरवा. सळयांच्या ढिगाजवळ होकायंत्र बिघडतं, तिथून उडवू नका.

दर ठरवताना ड्रोन, बॅटऱ्या, फिल्टर आणि कॉम्प्युटर यांची किंमत दोन वर्षांत खरोखर होतील इतक्याच कामांनी भागा. त्यात विमा, सॉफ्टवेअर, दुरुस्तीची राखीव रक्कम आणि वरचे नऊ तास मिळवा. बॅटरी दोनशे-तीनशे चार्जनंतर दमते, ती खर्चातच धरा. करारात चार गोष्टी लेखी हव्यात: हवामानामुळे तारीख बदलली तर काय, दुरुस्तीच्या किती फेऱ्या, कच्चं फुटेज मिळणार का, आणि वापराचा हक्क कुठे व किती काळ.

‘सुरुवातीला फुकट करून द्या, नियमही लागत नाहीत’

हे तर सरळ चूक आहे. अमेरिकेत कुणाच्या व्यवसायासाठी केलेलं उड्डाण पैसे न घेताही हौशी ठरत नाही. युरोपात तर तो भेदच नाही. अपघात झाला तर हौशी पॉलिसीची कंपनीही फुकटेपणा बघत नाही, काम कशासाठी होतं ते बघते. नमुना हवा असेल तर परवानगी असलेल्या जागी स्वतःसाठी शूट करा. एकच प्रकार निवडा, समजा बांधकाम: एकाच इमारतीच्या तीन महिन्यांतल्या जुळलेल्या फ्रेम, साठ ते नव्वद सेकंदांचा एक व्हिडिओ आणि दोन पानी अहवाल. ठेकेदाराला हा संच दाखवा, आणि सोबत विम्याची प्रत ठेवा, कारण साइटवर पहिल्यांदा तीच मागतात.