लाच, बक्षीस आणि फाटलेला चार्ट: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया जरा चिडून लिहिलेली आहे, आणि चिडायला कारणही आहे. एडीएचडी (लक्ष टिकवणं आणि आवेग आवरणं अवघड जाण्याची अवस्था) असलेल्या साडेपाच वर्षांच्या मुलासाठी तुम्ही सात कामांचा चार्ट फ्रिजवर लावलात. आठवड्याचे सगळे स्टार मिळाले तर रविवारी सायकल, असं ठरलं. तीन दिवस बरे गेले. चौथ्या दिवशी बहिणीला मारलं म्हणून तुम्ही दोन स्टार काढलेत, तर त्याने चार्टच फाडला. आता दात घास म्हटलं तरी "मला काय देणार?" विचारतो. म्हणून तुमचा निष्कर्ष: चार्ट म्हणजे लाच, आणि लाचेने मूल बिघडतं.

लाच रडारडीच्या मध्येच दिली जाते. दुकानात मूल जमिनीवर लोळतंय आणि आपण म्हणतो, "गप्प बस, चॉकलेट देते." यात मोबदला मिळतो तो लोळण्याला. चार्टचा करार आधी, शांत वेळी होतो आणि काम झाल्यावरच हातात काही पडतं.

बक्षिसाने आतली आवड मरते, हा मुद्दा मात्र हवेतला नाही. १९७३ साली लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी चित्रं काढायची मुळातच आवड असलेल्या बालवाडीतल्या मुलांना प्रशस्तिपत्रक कबूल करून चित्रं काढायला लावली; नंतर ती मुलं मोकळ्या वेळात कमी चित्रं काढू लागली. म्हणून चित्रं, ठोकळे, गोष्टी चार्टवर आणू नयेत. पण बूट घालण्यात आणि दप्तर भरण्यात मरायला आवड होतीच कुठे?

आता तुमचा चार्ट. एडीएचडीमध्ये लांबच्या बक्षिसाची किंमत मुलाच्या लेखी फार झपाट्याने उतरते. सोमवारी सकाळी बूट घालणाऱ्या मुलाला रविवारची सायकल दिसतच नाही. त्यातून "सगळे स्टार" ही अट. मंगळवारी एक हुकला की उरलेला आठवडा तो कशासाठी धडपडेल?

नवा चार्ट तीनच कामांचा करा, आणि त्यातलं एक तो आत्ताही दहापैकी आठ वेळा करतो असं निवडा, म्हणजे पहिल्याच दिवशी कमाई होईल. काम डोळ्यांना दिसणारं हवं. "शहाण्यासारखं वाग" याचा त्याला काही बोध होत नाही. "जेवण झालं की ताट सिंकमध्ये ठेव" याचा होतो. "मारायचं नाही" हेही चार्टवर लिहू नका, कारण न घडलेल्या गोष्टीला स्टार द्यायचा कधी? त्याऐवजी "राग आला की आईला हाक मार" लिहा. प्रत्येक कामाचं चित्र काढा. या वयात वाचायचं काम नको.

स्टारऐवजी पारदर्शक बरणी आणि चिंचोके घ्या. चिंचोका पडल्याचा आवाज होतो, बरणी भरताना दिसते. काम होताच, काही सेकंदांत, त्याच्याच हाताने टाकू द्या आणि कशासाठी ते बोला: "पहिल्या हाकेला बूट घातलेस." चार्ट काम घडतं तिथे हवा. बुटांचा चार्ट दाराशी. फ्रिजवर लावून बूट कसे आठवणार? दिवसाला दहाएक संधी मिळतील आणि सहा चिंचोक्यांना बक्षीस लागेल असा हिशोब धरा. बक्षीस त्याच दिवशी, बिनपैशाचं: बाबांबरोबर दहा मिनिटं कुस्ती, झोपताना एक जादा गोष्ट, उद्याची भाजी त्याने ठरवायची. जेवण, मैदानावरचा खेळ आणि जवळ घेणं यांना मात्र कधी चार्टच्या अटी लावू नका. आणि सायकल द्यायचीच असेल तर वाढदिवसाला द्या.

मिळालेला चिंचोका परत काढायचा नाही. तुमच्याकडे चार्ट फाटला तो इथेच. या वयाच्या मुलाला असा दंड चोरीसारखाच वाटू शकतो. मारलं तर त्याचा परिणाम वेगळा, लगेच आणि छोटा: खेळ तिथेच थांबतो. बरणीला हात लावायचा नाही. आजी-आजोबांनाही हे आधी सांगून ठेवा. घरातलं एक माणूस "चिंचोके काढून घेईन हं" म्हणालं तरी धाक बसतो आणि बरणीची गोडी जाते. बहिणीलाही तिच्या वयाची दोन कामं आणि तिची बरणी द्या, पण कुणाची जास्त भरली याची तुलना नको.

"मला काय देणार?" यावर रोज एकच, सपाट आवाजातलं उत्तर: "चार्टवर असेल तर चिंचोका, नसेल तर काही नाही." त्या क्षणी नवा सौदा केलात की मग ती खरोखरच लाच झाली.

दहा-बारा दिवसांत बक्षिसं शिळी होतील. त्याला चार्ट फसला समजू नका; एडीएचडीत नवेपण लवकर ओसरतंच. बक्षिसांची यादी बदला, चिंचोक्यांऐवजी गोट्या आणा. एखादं काम दोन-तीन आठवडे सहज होऊ लागलं की ते चार्टवरून उतरवा, शाबासकी चालू ठेवा आणि नवं काम घ्या. चार्ट एकदम बंद केला तर बहुतेकदा जुन्या सवयी परत येतात.

चार्ट हा उपचाराचा एक तुकडा आहे. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या २०१९च्या मार्गदर्शक सूचना सहा वर्षांखालच्या मुलांसाठी औषधाआधी पालकांचं वर्तन-प्रशिक्षण सुचवतात. चार्ट त्याचाच भाग. शिवाय जे मुलाला जमतच नाही ते चिंचोक्यांनी येणार नाही. नाडी बांधता येत नसेल तर आधी वेल्क्रोचे बूट आणा.

तुमच्या सात कामांपैकी तो न सांगता कोणतं करतो, ते कळवा. पहिला चिंचोका त्यालाच.