‘वाचनालयाचं समाजमंदिर करू नका’: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

आमच्या तालुक्याच्या वाचनालयातला मुलांचा गोष्टींचा तास आणि ज्येष्ठांचा मोबाइल वर्ग यांवर मी लिहिलं, त्यावर तुम्ही लिहिलंत: ‘वाचनालयाचं समाजमंदिर करू नका. वर्गणी आम्ही पुस्तकांसाठी भरतो.’ गोष्टींच्या तासाचा आवाज वाचनकक्षात येतो, पुस्तकखरेदी घटली आहे आणि हे उपक्रम म्हणजे नवी टूम, असंही तुमचं म्हणणं. खाली सही ‘तीस वर्षांचा सभासद’. इतकी वर्षं वर्गणी भरणाऱ्या माणसाला दोन ओळींत उत्तर देणं बरं नव्हे.

आवाजाबद्दलचं तुमचं म्हणणं मला पूर्ण मान्य आहे. बालविभाग आणि वाचनकक्ष यांच्यामध्ये नुसतं प्लायवुड आहे. शनिवारी सकाळी पेपर वाचायला आलेल्यांना त्रास होतो, हे मी लेखातच लिहायला हवं होतं. तो तास वरच्या सभागृहात न्यावा, असं कार्यवाहांना सांगितलं आहे.

पण हे उपक्रम म्हणजे नवी टूम, हे मला पटत नाही. सयाजीराव गायकवाडांनी 1906 मध्ये बडोदा राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. शिकलेलं पोर चार वर्षांत अक्षर विसरू नये, म्हणून ग्रंथालयं हवीत, हे त्यांनी ओळखलं आणि 1910 मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून घेतलं. तिथल्या ग्रंथालय खात्याने खेडोपाडी पुस्तकांच्या फिरत्या पेट्या धाडल्या, मुलांसाठी वेगळं दालन केलं, त्यात खेळसुद्धा ठेवले. ज्यांना वाचताच येत नव्हतं, त्यांना मॅजिक लँटर्नवर चित्रं दाखवली, पुढे सिनेमाही दाखवला. पुस्तकाशी ओळख नसलेला माणूसही ग्रंथालयाचाच, असं मानणारं ते खातं होतं.

मोबाइल वर्गातल्या एक आजी मला आठवतात. घर दोन गल्ल्या पलीकडे, पण वाचनालयाची पायरी त्या कधी चढल्या नव्हत्या. ‘ते शिकलेल्यांचं,’ म्हणायच्या. तिसऱ्या आठवड्यात नातवाला फोटो पाठवून झाल्यावर त्या देवघेवीच्या खिडकीशी थांबल्या आणि ठसठशीत अक्षरांचं काही आहे का, विचारलं. आता त्या सभासद आहेत. त्यांच्या वर्गणीतूनही पुस्तकंच येतात ना?

आणि वर्गणीचं मोल मोठं आहे. मद्रासच्या 1948 च्या ग्रंथालय कायद्यात ग्रंथालयांसाठी वेगळा कर होता. आपल्या महाराष्ट्राच्या 1967 च्या कायद्यात तो नाही. आपली वाचनालयं अनुदान, देणग्या आणि सभासद यांवर तगून आहेत. अनुदानातून पगारही भागवायचे असतात. खिडकीशी येणारी माणसं आटली, तर नवं कपाट कोणाच्या पैशांतून येणार?

राहिली पुस्तकखरेदी. ती घटली आहे ही तुमची तक्रार खरी असेल, तर त्याचा जाब मोबाइल वर्गाला नव्हे, कार्यकारिणीला विचारू. वार्षिक सभेत खरेदीची यादी आणि खर्च सभासदांपुढे ठेवावा, असा ठराव तुम्ही मांडा. अनुमोदन मी देतो.