दोन स्टारच्या रिव्ह्यूला उत्तर: तीन तास आणि एकच पक्षी

ताई, नमस्कार. कॉलेज रोडच्या गेमिंग कॅफेचा मालक लिहितोय.

तुम्ही लिहिलंत की मुलगा रविवारी तीन तास आमच्याकडे बसला, तेवढा वेळ पोकेमॉन या व्हिडिओ गेममध्ये एकाच चिमुकल्या पक्ष्याला मारत राहिला, घरी आला तेव्हा डोळे लाल झालेले आणि त्याचा पोकेमॉन, म्हणजे गेममधला लढणारा प्राणी, होता तसाच. वर २४० रुपये गेले. आमच्या काउंटरवरच्या मुलाला तुम्ही विचारलंत तेव्हा तो म्हणाला, "ट्रेनिंग असंच असतं." शेवटी तुम्ही दोन प्रश्न विचारलेत. मुलांना कंटाळवाण्या कामाला बसवून तास भरायचा हा धंदा आहे का? आणि काही जण पोकेमॉनच्या ताकदीचे आकडे थेट भरून देतात, तसं तुम्ही का देत नाही?

सोमवारी दुकान उघडायच्या आधी मी तुमच्या मुलाचं प्रोफाइल आमच्या निन्टेंडो स्विचवर (गेम खेळायचं यंत्र) उघडून पाहिलं. त्याच्या गारचॉम्प नावाच्या पोकेमॉनच्या माहितीच्या पानावर एल बटण दाबलं की सहा कोनांचा आलेख दिसतो. कुठल्या गुणाचं किती ट्रेनिंग झालंय ते त्यावर कळतं. अटॅक, डिफेन्स आणि एचपीचे (म्हणजे जीव किती त्याचे) कोपरे फुगलेले होते. स्पीडचा कोपरा जागचा हललेला नव्हता, आणि तो तर तीन तास स्पीडसाठीच बसला होता.

चूक कुठे झाली ते नीट सांगतो, कारण ती आमची आहे. हरवलेला प्रत्येक पोकेमॉन तुमच्या पोकेमॉनला ठराविक गुणाचे एक ते तीन ईव्ही, म्हणजे ट्रेनिंगचे पॉइंट, देतो. तो पक्षी, म्हणजे फ्लेचलिंग, स्पीडचा १ देतो. एका गुणात जास्तीत जास्त २५२ आणि सगळे मिळून ५१०, एवढीच जागा. तुमच्या मुलाने गेमची पूर्ण गोष्ट याच गारचॉम्पला सोबत घेऊन खेळली आहे. तो खेळतो त्या पोकेमॉन स्कार्लेट गेममध्ये एकाने लढाई जिंकली की टीममधल्या सगळ्यांना वाटा मिळतो, त्यामुळे नको ते ईव्ही जमत जमत ५१० कधीच भरून गेले होते. त्यानंतर कितीही पक्षी मारले तरी ते पालथ्या घड्यावर पाणी.

तो कंटाळलेला दिसला म्हणून आमच्या काउंटरवरच्या मुलाने त्याला सांगितलं, "आर बटण दाब, तुझा पोकेमॉन आपोआप जाऊन मारेल." त्याने भरच पडली. त्या आपोआप लढाईत अनुभवाचे गुण मिळतात, पण ईव्ही अजिबात मिळत नाहीत. म्हणजे जागा रिकामी असती तरी त्यानंतरची सगळी मेहनत वाया गेली असती. हे आमच्या माणसाला ठाऊक असायला हवं होतं. नव्हतं, कारण मी शिकवलं नव्हतं.

२४० रुपये परत करतोय, पूर्ण. तुमच्या मुलाची माफी मी समोरासमोर मागणार आहे.

आता कंटाळ्याबद्दल. तुमचा हा प्रश्न मला लागला, कारण तासावर पैसे घेणाऱ्या दुकानाला कंटाळवाण्या कामातूनच जास्त मिळतं, हे खरं आहे. मुलगा जितका रखडेल तितकं मीटर चालणार. मी असा विचार कधी केला नव्हता, पण दर मीच ठरवला होता. या आठवड्यापासून गुण वाढवायच्या अशा ट्रेनिंगला तासाचा दर नाही. एका पोकेमॉनचे एकरकमी ४० रुपये, कितीही वेळ लागो. उशीर झाला तर आता तोटा आमचा.

उशीर व्हायचं कारणही नाही. पॉवर अँकलेट नावाची वस्तू गेममधल्या दुकानात गेममधल्याच १०,००० ला मिळते. ती पोकेमॉनला धरायला दिली की प्रत्येक लढाईला स्पीडचे ८ जादा मिळतात. फ्लेचलिंगचा १ धरून ९. २५२ भागिले ९, बरोबर २८. जिथे २५२ पक्षी मारावे लागले असते तिथे २८ पुरतात. आणि ज्याने गोष्ट संपवून गेममधल्या अकादमीच्या स्पर्धेत पैसे साठवले आहेत, त्याला एकही पक्षी मारायची गरज नाही. कार्बोस या गेममधल्या औषधाची एक बाटली स्पीडचे १० ईव्ही देते, २६ बाटल्या पाजल्या की स्पीड पूर्ण. गेममधले २,६०,००० जातात, पण काम दोन मिनिटांचं.

नको असलेले ईव्ही आधी काढावे लागतात. पोमेग बेरी या गेममधल्या फळाने एचपीचे १० कमी होतात, क्वालॉटने डिफेन्सचे. ज्यांच्याकडे या गेमचं २०२३ चं जोडपॅक (वेगळा घ्यायचा वाढीव भाग) आहे त्यांना फ्रेश-स्टार्ट मोची मिळते, ती एकच खाऊ घातली की सगळं शून्य होतं.

हे शॉर्टकट नाहीत, गेम बनवणाऱ्यांनीच दिलेल्या सोयी आहेत. २००२ च्या पोकेमॉन रुबी-सफायर गेममध्ये माचो ब्रेस नावाची वस्तू आली, ती ईव्ही दुप्पट करायची. २००६ मध्ये अँकलेटसारख्या पॉवरच्या वस्तू आल्या, तेव्हा जादा ४ मिळायचे, २०१६ मध्ये त्याचे ८ झाले. २०१३ पासून आलेख दिसायला लागला. त्याआधी किती झाले ते पडद्यावर कुठेच दिसत नसे, मी स्वतः वहीत रेघा मारून मोजलंय. बाटल्यांनी एका गुणात १०० च्या पुढे जाता येत नसे, ती अट २०१९ मध्ये गेली. इतकी वर्षं त्यांनी हा रटाळपणा कमी करत आणला, आणि माझ्या दुकानात एक मुलगा २००२ सारखा बसून होता. मला याचं वाईट वाटलं.

पण ताई, आकडे थेट भरून देणार नाही. बाहेरून सॉफ्टवेअर लावून बनवलेला पोकेमॉन अधिकृत स्पर्धेत चालत नाही. २०२३ च्या ऑगस्टमध्ये योकोहामाच्या जागतिक स्पर्धेत तपासणीत सापडलेल्या खेळाडूंना बाद केलं होतं. तुमच्या मुलाला पुढे खेळायचंय, असं तो माझ्याशी दोनदा बोललाय. त्याच्या टीमला असा डाग मी लावणार नाही.

दुसरं कारण शेतातलं आहे. आमची दिंडोरीकडे द्राक्षबाग आहे. ऑक्टोबरची छाटणी झाली, घड धरले की विरळणी करावी लागते. लहानपणी आम्हीही बारकी कात्री घेऊन वेलीखाली उभे असायचो, मान अवघडून जायची. दिवसभर तेच काम, पण दोन घड सारखे नसतात. कुठला मणी ठेवायचा, कुठला काढायचा, हे दर वेळी बघावं लागतं आणि डोळा तयार होतो. दोनशेव्या फ्लेचलिंगमध्ये बघण्यासारखं काय असतं? काहीच नाही. म्हणून तो भाग मी कमी करणार. पहिल्या पाच-सहा लढाया मात्र हाताने करायला लावणार, प्रत्येकीनंतर आलेख उघडून. कोपरा सरकताना एकदा दिसला की कोण काय देतं ते मूल विसरत नाही.

एवढी खटपट कशासाठी, असंही तुम्ही लिहिलं होतं. आमच्या रविवारच्या स्पर्धेत सगळे लेव्हल ५० ला खेळतात. पोकेमॉनचे जन्मजात गुण पूर्ण ३१ आणि त्याच्या स्वभावाचा स्पीडवर परिणाम नसेल, तर ट्रेनिंग नसलेल्या गारचॉम्पचा स्पीड १२२ भरतो, पूर्ण ट्रेनिंगनंतर १५४. समोरही गारचॉम्प आला तर १५४ वाला आधी मारतो, आणि त्या एका फटक्यावर डाव फिरतो. तुमचा मुलगा मागच्या महिन्यात तसाच हरला होता. रडला नाही, पण का हरलो ते त्याने स्वतः शोधून काढलं आणि स्पीड वाढवायचा ठरवून आला. मला त्याचं फार कौतुक वाटलं होतं, आणि नेमकं त्याच दिवशी आम्ही कमी पडलो.

टेबल आवरताना त्याची वही सापडली. पाठच्या पानावर पाच-पाचच्या रेघांचे गठ्ठे आहेत, मोजले तर १४० भरतात. शेवटच्या ओळीत रेघा तिरक्या झाल्यात, हात दुखला असावा.

येत्या रविवारी सकाळी ११ ला दुकान फक्त त्याच्यासाठी उघडतो, गर्दी दुपारनंतर असते. त्या दिवसाचे ४० सुद्धा घेणार नाही. बेऱ्या आणि अँकलेट तयार ठेवतो. तुम्हीही सोबत या, शेजारी खुर्ची आहे, आलेख कसा सरकतो ते बघा. जमणार नसेल तर काउंटरवर फोन करून सांगा, पैसे यूपीआयने पाठवतो. वही काउंटरच्या पहिल्या खणात ठेवली आहे.