ऊस कुणी तोडला मग?

सकाळपासून डोकं फिरलंय म्हणून लिहितेय. इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या जॉर्जियन हाऊसचे फोटो टाकले ग्रुपवर, तर एकाने लगेच विचारलं, "एवढं सुंदर घर बघायचं सोडून प्रत्येक ठिकाणी गुलामगिरी कशाला उकरून काढता?" अरे उकरायचं काय त्यात, घरच त्या पैशाचं आहे!

जॉन पिनीचे कॅरिबियनमधल्या नेव्हिस बेटावर उसाचे मळे होते, तिथे गुलाम राबायचे, आणि त्या साखरेच्या पैशातनं १७९० च्या सुमारास ग्रेट जॉर्ज स्ट्रीटवर हे घर उभं राहिलं. १९३९ पासून म्युझियम आहे. मागच्या उन्हाळ्यात आईला घेऊन गेले होते. आई बीडची, आजी-आजोबा दरवर्षी उचल घेऊन तोडीला जायचे, तिचं लहानपण कारखान्याच्या तळावर कोपीत गेलंय. वरचे दिवाणखाने, फर्निचर सगळं ती गप्प बघत होती. तळघरात पिनीने थंड पाण्यात डुंबायला हौद बांधून घेतलाय, तिथं थांबली. मी आपलं साखरेचं सांगतेय, तर मधेच म्हणाली, "अगं पण ऊस कुणी तोडला मग?"

तेव्हा मी पेरोचं सांगितलं. १७६५ मध्ये पिनीने त्याला विकत घेतलं तेव्हा तो जेमतेम बारा वर्षांचा, सोबत दोन बहिणी, नॅन्सी आणि शीबा. १७८३ मध्ये पेरोला इकडे ब्रिस्टलला आणलं, १७९८ ला तो वारला तोपर्यंत चाकरी करून घेतली आणि मोकळं काही केलं नाही. फॅनी कोकर म्हणून पिनीचीच दुसरी एक गुलाम, तिला केलं होतं मोकळं, बरं, ते मान्य. आईने एवढंच विचारलं, "बहिणी तिकडंच राहिल्या?"

घर जपलंय ते चांगलंच केलंय, पाडायला कोण सांगतंय! पण नुसत्या खिडक्या आणि जिने बघून "काय टेस्ट होती लोकांची" म्हणत बाहेर पडायचं आणि ऊस कुणी तोडला हे विचारणाऱ्यालाच रडगाणं गातो म्हणायचं, हे मला नाही जमणार, आणि माझ्या मित्रमंडळीत तरी हे ऐकावं लागेल असं वाटलं नव्हतं.

जाऊ दे.

येताना हार्बरवरच्या पेरोज ब्रिजवरनं आलो, १९९९ पासून तो पूल त्याच्या नावाने आहे. आई कठड्याला हात लावून बराच वेळ उभी होती. आता फोन केला तर तिला घराच्या मालकाचं नाव आठवेना. "तो पेरो गं," म्हणाली, "दोन बहिणी होत्या तो."