गझालीने नेमके काय नाकारले?

मध्ययुगीन मुस्लिम धर्मशास्त्रज्ञ अल-गझालीने कार्यकारणभाव मोडीत काढला आणि इब्न सीनासारख्या तत्त्वज्ञांना तो स्वयंसिद्ध वाटत होता, असे अनेकदा सांगितले जाते. माझ्या मते वस्तुस्थिती जवळजवळ उलटी आहे. ‘जे नव्याने अस्तित्वात येते त्याला कारण असतेच’ हे एक विधान आणि ‘अमुक हेच तमुकाचे कारण आहे’ हे दुसरे; या दोहोंची गल्लत झाली की हा गैरसमज होतो.

इब्न सीना (980–1037) ‘शिफा’ या आपल्या ग्रंथाच्या सत्तामीमांसेच्या (अस्तित्वाचे मूळ स्वरूप तपासणाऱ्या) भागात आरंभीच म्हणतो की, इंद्रियांना दोन गोष्टींचे साहचर्य तेवढे कळते आणि साहचर्यावरून एक दुसरीचे कारण ठरत नाही. सकमोनिया या वनस्पतीच्या चिकाने रेच होतो, हे वैद्य अनुभवाने जाणतो (इब्न सीना स्वतः नामांकित वैद्य होता, हे विसरू नये). पण जे नेहमी घडते ते योगायोगाने घडत नाही, हे गृहीत धरल्याशिवाय त्या अनुभवाला निश्चितता येत नाही. पुढे तर तो ‘नव्याने येणाऱ्याला कारण असतेच’ या पहिल्या विधानालाही हात घालतो: ते बुद्धीला जवळचे वाटले, तरी युक्लिडच्या कित्येक प्रमेयांप्रमाणे त्यालाही सिद्धता लागते.

आता गझाली (1058–1111). तत्त्वज्ञांचे खंडन करणाऱ्या ‘तहाफुत’ या ग्रंथाच्या सतराव्या प्रकरणात तो विचारतो की, आग टेकल्यावर कापूस जळतो हे दिसते, पण आगीमुळेच जळतो हे कोणी पाहिले? जाळणारा ईश्वर आहे, थेट किंवा देवदूतांमार्फत. म्हणजे तो नाकारतो ते दुसरे विधान. हाच गझाली ‘इक्तिसाद’ या आपल्या धर्मशास्त्रीय ग्रंथात मात्र प्रत्येक उद्भवलेल्या गोष्टीला कारण असते, हे बुद्धीला आपोआप पटणारे तत्त्व म्हणून बजावतो. त्याला ते सोडणे परवडणारेच नव्हते, कारण ईश्वरसिद्धीचा त्याचा युक्तिवाद त्यावरच उभा आहे.

कारणे नाकारणारा बुद्धीच नाकारतो, हे तत्त्वज्ञ इब्न रुश्दचे (1126–1198) गझालीला उत्तर जोरकस असले, तरी स्वयंसिद्धतेच्या प्रश्नाला ते पुरेसे भिडत नाही. तिथे खरी अडचण धर्मशास्त्रज्ञ फख्रुद्दीन राझीने मांडली. ‘एक हा दोनाचा अर्धा’ आणि ‘संभाव्य वस्तूला (जिचे असणे-नसणे दोन्ही शक्य असते अशा वस्तूला) कारण लागते’ ही विधाने शेजारी ठेवली, तर दुसरे पहिल्याइतके लख्ख वाटत नाही. मग ते स्वयंसिद्ध कसे? हा फरक विधानांतल्या संकल्पना कमीअधिक स्पष्ट असल्यामुळे पडतो, असे तत्त्वज्ञ नसीरुद्दीन तूसीचे (1201–1274) म्हणणे. पण ज्या संकल्पना स्पष्ट करायलाच एवढा खटाटोप लागतो, त्यांच्यावर उभे असलेले विधान स्वयंसिद्ध म्हणण्यापेक्षा मला इब्न सीनाचा सावधपणा अधिक प्रामाणिक वाटतो.