लेबल नसलेला नमुना

"सही जुळत नाही" हे वाक्य मी गेली सव्वीस वर्षं पगार घेऊन म्हणतोय. बेळगावच्या वडगावातल्या एका लहानशा सोसायटीत मी काउंटरला बसतो. विड्रॉल स्लिप काचेखालून आत सरकते, मी ती कार्डाशेजारी ठेवतो, चष्मा कपाळावर चढवतो आणि समोरच्या माणसाला सांगतो, "तुमच्या 'व'चं पोट मागच्या वेळी गोल होतं. परत करून आणा." पायरी उतरताना खातेदार माझ्याविषयी काय बोलतात ते मला ठाऊक आहे. त्यातल्या एखाद्याचं बोलणं यंदाच्या उन्हाळ्यात लागलं असावं.

झालं असं की लेक पीयूसी पास झाली. ही बातमी कोल्हापूरला मेव्हण्याला फोन करून सांगितली, तर तो म्हणाला, "बरं केलंस बघ. पोलीस हल्ली लई धरालेत." सीमेच्या पलीकडे पीयूसी गाडीच्या धुराची असते, अलीकडे पोरांची. मी त्याला बारावी म्हणून समजावलं. मग "पुढं काय?" आलं. मी म्हटलं, मेडिकल लॅबोरेटरीचा कोर्स, इंटर्नशिप धरून चार वर्षं.

"म्हणजे लघवी तपासायची?"

फोन स्पीकरवर होता, ही माझी चूक. लेकीनं तो हातातून काढून घेतला. "मामा, तुमची शुगर वाढलीय हे तुम्हाला कोण सांगितलं?"

"डॉक्टर."

"डॉक्टरला कोण सांगितलं?"

पलीकडे शांतता. लेकीनं तेवढ्यात ऐकवलं की आमच्यासारख्यांसाठी २०२१ साली संसदेनं वेगळा कायदा केलाय, आयोग नेमलाय. मामा म्हणाला, "व्हय गे बाई, शीक शीक," आणि फोन ठेवून बहुधा साखरेची गोळी शोधायला गेला.

प्रवेशाआधीच तिची तयारी सुरू झाली होती. शेजारच्या गल्लीतली एक मुलगी याच कोर्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे, तिच्या वह्या घरात आल्या आणि घराची प्रयोगशाळा झाली. जांभळ्या झाकणाची ट्यूब रक्तातल्या पेशी मोजायला, निळी रक्त गोठायला किती वेळ लागतो ते बघायला, राखाडी साखरेला, लाल साधी. हे पाठ करता करता तिनं मसाल्याच्या डब्यांची झाकणं बदलली. जांभळ्या झाकणाखाली धणे आणि राखाडीखाली हळद गेल्यावर आमच्या आईनं सांबारात काय घातलं ते विचारू नका. प्रत्येक डब्यावर लेबल आलं: नाव, तारीख, वेळ. फ्रिजमधल्या लिंबाच्या लोणच्यावर "२ ते ८ अंश सेल्सिअस" अशी चिठ्ठी लागली. आईला वाचता येतं, खरं ते अंश कुणाचे ते कळेना.

"आज्जी, लेबल नसलेला नमुना लॅब घेतच नाही. फेटाळते."

"का गे?"

"कुणाचा ते कळायला नको? तुझी शुगर बाबांच्या नावावर गेली तर?"

आई माझ्याकडं बघून म्हणाली, "ह्याला लेबल लावलीस काय? सगळ्यात मोठा नमुना ह्योच."

आई विनोद करते असं कुणी समजू नये. ती निरीक्षण नोंदवते.

मग कागदपत्रं सुरू झाली.

लेकीचा जन्मदाखला काढला. त्यावर जन्मगाव इंग्रजीत जुन्या स्पेलिंगनं, म्हणजे वाचायचं तर 'बेलगाम'. १ नोव्हेंबर २०१४ ला सरकारनं बेळगावचं बेळगावी केलं, तेव्हा ही पहिलीच्या वर्गात पाटीवर 'बेळगाव' गिरवत होती. दहावीच्या मार्क्स कार्डावर नवं नाव. आधारवरही नवं. घरात बोलताना आम्ही तिसरंच बोलतो. एकाच हॉस्पिटलात, एकाच खाटेवर जन्मलेली ही मुलगी कागदावर दोन गावांत जन्मली होती.

गावाचं एक वेळ चालतं. माझ्या नावानं खरा घोळ घातला. आधारवर मी माझं, वडिलांचं, आडनाव अशा रीतसर क्रमानं उभा आहे. मार्क्स कार्डावर आडनाव पुढं आणि मी मागं. जातीच्या नि उत्पन्नाच्या दाखल्यावर मी कानडीत गेलो आणि आडनावाच्या शेवटी उकार चिकटून परत आलो. कानडीत बसचा बस्सु होतो, कारचा कारु होतो, बँकेचा ब्यांकु होतो. मीही वाहन किंवा संस्था असल्याचा समज झाला असावा.

ज्या कचेरीत मी गेलो (कुठली ते सांगत नाही, मला अजून तिथं जायचंय) तिथल्या खिडकीतल्या पोरानं तीन कागद शेजारी ठेवले, चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाला, "हेसरु म्याच आगल्ला री." नाव जुळत नाही. तो चष्मा बघून माझ्या पोटात गोळा आला. मी स्वतःला काचेच्या चुकीच्या बाजूनं पहिल्यांदाच बघत होतो.

"आरडी नंबर?" त्यानं पुढं विचारलं.

इथं मला आनंद झाला, कारण हे माझ्या धंद्यातलं. मी छातीवर हात ठेवून माझ्या रिकरिंग डिपॉझिटचा खाते क्रमांक सांगितला, महिना दोन हजार, मुदत पाच वर्षं हेही सांगितलं. पोरगं माझ्याकडं बघत राहिलं. जातीच्या दाखल्यावर जो नंबर असतो, प्रवेशाच्या फॉर्ममध्ये जो भरावा लागतो, त्याला आरडी नंबर म्हणतात हे मला मागच्या माणसानं सांगितलं. त्याच्या मागच्यानं माझं व्याज किती ते विचारलं.

"मत्तं व्यासंग प्रमाणपत्र तगोंड बर्रि." आणखी व्यासंग प्रमाणपत्र घेऊन या.

आता व्यासंग! मी मराठी शाळेत शिकलेला माणूस. व्यासंग म्हटलं की डोळ्यांपुढं पुस्तकांच्या ढिगाऱ्यात बसलेला, चहा गार झालेला कुणी विद्वान येतो. अठरा वर्षांच्या पोरीच्या व्यासंगाचं प्रमाणपत्र कुठून आणायचं? हिचा व्यासंग आहे, नाही असं नाही, पण तो मोबाइलवर आहे आणि रात्री एकपर्यंत चालतो. शिवाय मला वाटलं, एवढ्याशा कोर्सला सरकार इतकं उच्च काही मागतंय म्हणजे शिक्षणाचा दर्जा खरंच सुधारलाय. घरी येऊन हे मी अभिमानानं सांगितलं. लेक हसून खाली बसली. कानडीत व्यासंग म्हणजे साधं शिकणं. पहिली ते दहावी कुठं कुठं शिकला त्याचा दाखला, त्यावर हेडमास्तरांची सही आणि वर गटशिक्षणाधिकाऱ्यांची.

ग्रामीण कोट्यासाठी तो दाखला लागत होता. लेक गावाकडच्या मराठी शाळेत शिकलेली. शाळा शेतात, वर्ग दोन, पावसाळ्यात एक. हेडमास्तर माझेच वर्गमित्र. त्यांनी प्रेमानं चहा पाजला, दाखला लिहिला आणि माझ्या नावाच्या जागी शाळेत सगळे मला ज्या नावानं हाक मारायचे ते लिहिलं. खोडलं. खोडाखोडीचा दाखला चालत नाही. दुसरा लिहिला, तर शिक्का उलटा बसला. तिसऱ्याला शिक्का नीट बसला तेव्हा शाळेतल्या दाखल्याच्या पुस्तकातली पानं संपली होती, आणि आम्ही दोघं पुन्हा दहावीत असल्यासारखे गप्प बसलो होतो.

मग खिडकी, मग सर्वर. "सर्वर इल्ल री. नाळे बर्रि." आमच्या भागात जुनी माणसं सांगतात, एक बाई-भूत रात्री दारं ठोठावत फिरायचं, तर लोकांनी दारावर लिहून ठेवलं, 'नाळे बा', उद्या ये. भूत वाचायचं आणि परत जायचं. दुसऱ्या रात्री पुन्हा यायचं, पुन्हा वाचायचं, पुन्हा जायचं. लहानपणी मला त्या भुताची भीती वाटायची. आता मला त्याची दया येते. त्यालाही व्यासंग प्रमाणपत्र हवं असणार.

शेवटी एका वकिलानं तोडगा काढला: अफिडेव्हिट. बाँड पेपरवर टाइप झालं की अमुक नावाचा, तमुक नावाचा आणि उकारवाला, हे तिघंही एकच इसम होत. तिघांच्या वतीनं शपथ मीच घेतली. खाली सही करताना हात थरथरला आणि 'व'चं पोट चपटं आलं.

एवढं झाल्यावर फॉर्मात उरला एक साधा रकाना. रक्तगट.

लेकीनं आपलं शाळेचं जुनं ओळखपत्र काढलं. त्यावर एबी पॉझिटिव्ह. ती लिहायला लागली, थांबली, आणि माझ्याकडं अशा नजरेनं बघितलं की मला पुन्हा काचेची खिडकी आठवली.

"बाबा, तुमचा गट काय?"

"ओ. हर्नियाच्या ऑपरेशनच्या फायलीत आहे."

"आईचा बी. डिलिव्हरीच्या फायलीत आहे." तिनं पेन ठेवलं. "मग मी एबी असूच शकत नाही."

स्वयंपाकघरात भांडं पडलं. बायको पदराला हात पुसत बाहेर आली. "काय म्हणालीस?"

लेकीनं वहीत चौकोन आखून दाखवलं. बापाकडून ए येतच नाही, आईकडून येत नाही, मग ए आला कुठून? शास्त्रीयदृष्ट्या प्रश्न बिनतोड होता. कौटुंबिकदृष्ट्या तो आमच्या घरात पहिल्यांदाच उभा राहिला होता. आई माळ ओढायची थांबली.

"एक शक्यता आहे," लेक म्हणाली. १९५२ साली मुंबईत डॉ. भेंड्यांनी एक दुर्मीळ गट शोधला, त्याला बॉम्बे ब्लड ग्रुप म्हणतात. साध्या तपासणीत तो ओ दिसतो, पण आत ए किंवा बी दडलेला असू शकतो. "बाबा तसे असतील."

आयुष्यात पहिल्यांदाच कुणी मला दुर्मीळ म्हणत होतं. तेही मुंबईच्या नावानं. १९५६ ला मुंबई राज्यातून तुटल्यापासून आमच्या भागातल्या माणसांना जे मिळालं नाही ते माझ्या रक्तात असेल, या कल्पनेनं मी जरा ताठ बसलो. बायकोची नजर काही ताठ बसायला देईना. "आत्ताच्या आत्ता चला," ती म्हणाली.

खडेबाजाराजवळच्या एका लॅबमध्ये आम्ही चौघं गेलो. आईही आली, तिला निकाल समक्ष हवा होता. तिथला अण्णा शांत माणूस. आधी लेकीचं पूर्ण नाव विचारलं आणि काचेवर लिहिलं, मगच बोट हातात घेतलं. अनामिकेच्या टोकाला स्पिरिटचा बोळा, वाळू दिलं, एक टोचणी. रक्ताचे तीन थेंब काचेवर शेजारी शेजारी. एकावर निळं औषध, एकावर पिवळं, एकावर पाण्यासारखं. प्रत्येकाला वेगळी काडी. मग त्यानं काच हातात घेऊन हळूहळू डोलवली, आमची आई सूप डोलवते तशी. निळ्यातलं रक्त गुळगुळीत राहिलं. पिवळ्यातलं बघता बघता दाणेदार झालं, नासक्या दुधासारखं फुटलं. तिसरंही फुटलं.

इथपर्यंत मी पाहिलं असं मला सांगण्यात येतं. मला आठवतंय ते निळ्यापर्यंत. पुढं मी बाकावर आडवा होतो, लेकीनं माझे पाय खुर्चीवर चढवले होते आणि अण्णाला ती सांगत होती, "व्हॅसोव्हेगल आहे. रक्त बघून होतं. पाय वर ठेवायचे." आवाजात काळजी नव्हती, सराव होता. अण्णानं विचारलं, कुठल्या वर्षाला आहेस? ती म्हणाली, अजून ॲडमिशन व्हायचीय.

निकाल: बी पॉझिटिव्ह. तिच्या आईसारखा.

"मग एबी लिहिलं कोण?" बायकोनं विचारलं.

ओळखपत्र उलटं केलं. मागं पालकाची सही होती आणि भरलेला मजकूर त्याच अक्षरात. पहिलीच्या प्रवेशाच्या दिवशी, रांगेत, रकाना रिकामा राहू नये म्हणून कुणीतरी बापाचा नि आईचा मिळून काहीतरी भारदस्त गट लिहून टाकला होता. त्या 'पॉझिटिव्ह'मधल्या 'व'चं पोट गोल होतं. सही जुळत होती.

घरी येताना लेक रिक्षात सांगत होती. लँडस्टायनरनं १९०१ मध्ये रक्तगट मांडले, त्यासाठी १९३० ला नोबेल मिळालं, पण त्याच्या यादीत एबी नव्हता. तो वर्षभरानं, १९०२ ला दुसऱ्यांना सापडला. "म्हणजे लँडस्टायनरलाही नाही सापडला, आणि आमच्या बाबांना रांगेत उभ्या उभ्या सापडला." आई म्हणाली, "मी म्हटलेलं की. नमुना."

पडताळणीच्या दिवशी फाइल माझ्याच हातात होती. जन्मदाखला, दहावी, पीयूसी, आरडी नंबर, व्यासंग, आणि तिघांना एक करणारं अफिडेव्हिट. टेबलापलीकडच्या बाईंनी एकेक कागद उलटला, कुठं थांबल्या नाहीत. शेवटी एक छोटा फॉर्म पुढं सरकवला, पालकांनी भरायचा. मी पेनाचं टोपण काढलं. नाव लिहिलं, क्रमानं. गाव लिहिलं, नव्या स्पेलिंगनं. पुढचा रकाना रक्तगटाचा होता. डावीकडून बायकोनं पेन धरलं, उजवीकडून लेकीनं फॉर्म ओढला.