नाव पुसल्याने माहिती निनावी होत नाही

‘संवेदनशील माहिती म्हणजे पासवर्ड, बँक खाते आणि कार्डाचा क्रमांक, बाकीच्या नोंदींतून नावे काढली आणि फाइल कूटबद्ध (एन्क्रिप्ट) केली की कायद्याचे पालन झाले,’ असा एक संदेश संस्थांमध्ये सतत फिरत असतो. त्यातील तिन्ही विधाने चुकीची आहेत आणि मधले सर्वांत घातक आहे.

आधी यादी पाहू. युरोपीय संघात 25 मे 2018 पासून लागू असलेल्या जीडीपीआर या वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाच्या कायद्याचे नववे कलम वंश, राजकीय मते, धर्मश्रद्धा, कामगार संघटनेचे सदस्यत्व, आरोग्य, लैंगिक जीवन, जनुकीय माहिती आणि ओळख पटवण्यासाठी वापरलेली जैवमितीय (बायोमेट्रिक) माहिती यांना विशेष संरक्षण देते. त्यात बँक खात्याचा उल्लेख नाही. ते वैयक्तिक माहिती म्हणून जपावेच लागते, ही गोष्ट वेगळी. आता मनुष्यबळ विभागाची एखादी साधी फाइल उघडून पाहावी: आजारपणाच्या रजेचे कारण, हजेरी यंत्रातील बोटांचे ठसे, पगारातून कापलेली संघटनेची वर्गणी. पासवर्ड एकही नाही, पण विशेष संरक्षणाचे तीन प्रकार तिथे एकत्र सापडतात. भारताच्या 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने तर ‘संवेदनशील’ असा स्वतंत्र वर्गच केलेला नाही, त्यामुळे ‘आमची माहिती त्या वर्गात बसत नाही’ ही सबब तिथे मुळातच उभी राहत नाही.

नावे काढण्याविषयीचा दावा तर 1990 च्या दशकातच खोटा ठरला आहे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याने आपल्या कर्मचाऱ्यांच्या रुग्णालयीन नोंदी नावे वगळून संशोधकांना दिल्या होत्या. संगणकशास्त्राच्या संशोधक लतान्या स्वीनी यांनी मतदार यादी विकत घेतली, जन्मतारीख, लिंग आणि पिनकोड या तीन रकान्यांवर दोन्ही याद्या जुळवल्या आणि त्या वेळचे गव्हर्नर विल्यम वेल्ड यांच्या वैद्यकीय नोंदी शोधून काढल्या. तिन्ही रकाने एकेकटे पाहिले तर निरुपद्रवी वाटतात. ओळख पटते ती त्यांच्या जुळणीतून, आणि जुळवायची दुसरी यादी कोणाच्या हाती आहे हे माहिती देणाऱ्याला कळत नाही. म्हणूनच अमेरिकेच्या हिपा या आरोग्यविषयक माहिती जपणाऱ्या कायद्याखालील नियमांत, नोंदी निनावी करण्याच्या एका ठरावीक पद्धतीनुसार, 18 प्रकारचे ओळखचिन्हक काढावे लागतात; त्यांत उपचारांच्या तारखा, वाहन क्रमांक आणि आयपी पत्ताही येतो.

कूटबद्धीकरण आवश्यकच आहे, पण फाइल पुन्हा वाचनीय करणारी किल्ली संस्थेच्याच हाती असते तोवर ती माहिती वैयक्तिकच राहते. शिवाय काही माहिती मुळात साठवायचीच नसते: पीसीआय डीएसएस या कार्ड-व्यवहारांच्या सुरक्षा मानकानुसार व्यवहार मंजूर झाल्यानंतर कार्डावरील सुरक्षा कोड विक्रेत्याने कूटबद्ध करूनही ठेवता येत नाही.